पान दोनशे बारा

पुस्तकात पेन्सिलीने लिहिणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. एकतीस वर्षं मी कल्याणच्या आमच्या वाचनालयात काढली, आणि या काळात सभासदांशी जितकी भांडले तितकी नवऱ्याशीही भांडले नाही. कोणी वाक्याखाली रेघ ओढतं, कोणी समासात 'अगदी खरं' असं लिहून ठेवतं. अरे, तुला खरं वाटलं तर घरी जाऊन बायकोला सांग, आमच्या पुस्तकाला कशाला? एका निवृत्त मास्तरांना तर मी काउंटरसमोर खुर्ची टाकून दिली, हातात खोडरबर दिलं आणि सगळं खोडून घेतलं. तेव्हा गेल्या मे महिन्यात पुस्तकांची गणती चालू असताना माझ्याच माणसाने लिहिलेलं सापडलं, त्या वेळी माझं डोकं किती फिरलं असेल ते बघा.

माझा माणूस म्हणजे उत्तम शिंगोटे. हुद्दा शिपायाचा, पण वाचनालय खरं चालवतो तोच. जुन्नरकडचा. शहाडला एका कारखान्यात होता, तो बंद पडल्यावर छत्तिसाव्या वर्षी आमच्याकडे आला. आता अठ्ठावन्नचा आहे. फाटकी पुस्तकं शिवतो, कपाटं झाडतो, आणि दुपारी सायकलच्या दोन्ही बाजूंना कापडी पिशव्या अडकवून पारनाका, रामबाग, टिळक चौक असं हिंडतो. ज्यांना जिने उतरवत नाहीत अशा म्हाताऱ्या सभासदांना घरी पुस्तक नेऊन देतो, जुनं परत आणतो. बोलणं इतकं कमी की पहिल्या वर्षी मला वाटलं, हा माझ्यावर रागावलाय. नंतर कळलं, सगळ्यांशीच असा आहे.

प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान असतं. पहिलं पान फाडून पुस्तक दाबणारे महाभाग असतात, म्हणून आतल्या एका ठरलेल्या पानावर आणखी एक शिक्का मारून ठेवतात. आमचं सदतिसावं. गणतीच्या वेळी मी सहज एका कादंबरीचं सदतिसावं पान उघडलं, तर शिक्क्याशेजारी पेन्सिलीचा बारीक ठिपका आणि पुढे आकडा, १४७. दुसरी उघडली. ठिपका, ८८. तिसऱ्यात काहीच नाही. चौथ्यात ठिपका, २१२. मी दोनशे बारावं पान काढलं. तिथे एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी तापाने मरते. एकशे सत्तेचाळीसवर आजोबा. अठ्ठ्याऐंशीवर सैनिक, तोही पत्रातून.

गुप्त पान माहीत असलेली माणसं दोनच, मी आणि उत्तम. मी त्याला हाक मारली.

"हे काय आहे?"

त्याने पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. "खूण आहे, मॅडम."

"ते दिसतंय मला. कसली खूण?"

"ज्यात माणूस जातं त्या पुस्तकाला करतो. ज्या घरात नुकतं कुणी गेलंय, तिथे वर्षश्राद्धापर्यंत हे पुस्तक जात नाही माझ्या हातून. आकडा मी माझ्या सोयीसाठी लिहितो."

ती सोय कसली, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण माझ्या डोक्यात भलतंच काहीतरी पेटलं. सहा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. महिनाभर मी घरी होते, नंतरही वर्षभर घरी वाचायला पुस्तकं उत्तमच काढून द्यायचा. मला शोधायचं त्राण नव्हतं. आणि काय दिलं त्याने? प्रवासवर्णनं, विनोदी लेख, पक्ष्यांची माहिती. एकदा तर लोणच्यांचं पुस्तक. मी त्या वर्षी हिमालयात तीनदा जाऊन आले.

"म्हणजे मलाही तू हेच केलंस?"

तो म्हणाला, "तुम्ही तेव्हा जेवत नव्हता, मॅडम."

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. रडू दाबून मी राग काढला. सगळे ठिपके खोडायला सांगितले. त्याने मान डोलावली आणि, माझी खात्री आहे, एकही खोडला नाही.

राग का आला, ते सांगते. त्या वर्षी मला मरणाचंच पुस्तक हवं होतं. बाकीच्यांनी हे दिवस कसे काढले, ते मला बघायचं होतं. पुढे मी उत्तमला न विचारता अशी पुस्तकं स्वतः काढून वाचली, सिनेमेही पाहिले, आणि फसले. सिनेमात माणूस गेलं की बाहेर वीज कडाडते, हातातला पेला पडतो, बाई किंचाळते, सारंगी सुरू होते. आमच्याकडे स्वच्छ ऊन होतं आणि शेजारच्या घरात मिक्सर चालू होता. पुस्तकं जरा बरी. पण तिथे काय होतं, माणूस जातं, कोणीतरी खिडकीबाहेर बघतं, मग पानाच्या मधोमध तीन फुल्या छापतात आणि पुढचं वाक्य असतं, 'सहा महिने उलटले.' झालं. माझे सहा महिने त्या तीन फुल्यांत गेले की हो. यजमानांच्या मोबाइलला पहाटे पाच-चाळीसचा गजर लावलेला होता, फिरायला जायचा. फोन कसा उघडायचा ते कोणालाच माहीत नाही. बॅटरी संपेपर्यंत तीन पहाटा तो वाजला, आणि संपल्यावर मी उठून तो चार्जिंगला लावला. हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही. आपण वेडे झालोय की सगळेच असं करतात, एवढंच मला विचारायचं होतं.

असो. माझं पुराण पुरे, गोष्ट उत्तमची आहे.

उत्तमला एक मुलगी होती, रसिका. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना डेंग्यूने गेली, एकोणीस वर्षांची. त्याला आता अकरा वर्षं झाली. एकुलती एक. सुट्टीत वाचनालयात यायची, मला 'मावशी' म्हणायची आणि कपाटांमागे बसून पेरू खायची, जे मी कोणालाच खाऊ देत नाही. ती गेली तेव्हा उत्तम तेराव्या दिवसानंतर कामावर आला, सायकलला पिशव्या लावल्या आणि निघाला. त्यानंतर त्याच्या तोंडून तिचं नाव मी ऐकलं नाही. मीही काढलं नाही. आम्ही शहाणी माणसं अशीच, समोरच्याला त्रास नको म्हणून गप्प बसतो आणि त्यालाच समजूतदारपणा म्हणतो.

त्याची बायको शेवंती. गावाकडे दुसरीतून शाळा सुटली. रसिकाने तिला संध्याकाळी अक्षरं गिरवायला बसवलं होतं, आमच्याच बाद झालेल्या पुस्तकांवर. बाराखडी झाली, जोडाक्षरांवर गाडी आली आणि रसिका गेली. ती पाटी तिथेच राहिली. पण ऐकायची शेवंतीला फार हौस. लग्न झाल्यापासून त्यांच्या घरात रिवाज असा, की संध्याकाळी ती भाजी निवडायला बसणार आणि उत्तम तिला पुस्तक वाचून दाखवणार. मेथी असली तर दोन प्रकरणं व्हायची, असं ती मला एकदा म्हणाली होती. एवढंच मला माहीत होतं. बाकीचं या वर्षी कळलं, आणि ते माझ्यामुळेच बाहेर पडलं.

त्या दोनशे बाराव्या पानवाल्या कादंबरीवर सिनेमा निघाला. कमिटीने ठरवलं, वाचनालयाच्या वर्धापनदिनाला रविवारी सकाळी हॉलमध्ये सभासदांना सहकुटुंब दाखवायचा. मी उत्तमला म्हटलं, "शेवंतीला आण."

"तिचे गुडघे दुखतात."

"रिक्षाने आण."

"तिला सिनेमा आवडत नाही."

आता जी बाई आयुष्यभर गोष्टी ऐकत आली, तिला सिनेमा आवडत नाही? मला वाटलं, हा बायकोला आणायला लाजतो. मी सरळ तिलाच फोन केला. ती एवढी खुश झाली की विचारू नका. "मॅडम, ते पुस्तक ह्यांनी मला दोनदा वाचून दाखवलंय. ती धाकटी पोरगी मला फार आवडते."

रविवारी ती मोरपंखी साडी नेसून आली. मी तिला माझ्या शेजारी बसवलं. उत्तम दारापाशी पाण्याचे ग्लास मांडत होता आणि सारखा आमच्याकडे बघत होता. सिनेमा चालू झाला. धाकट्या मुलीला ताप भरला तशी बाहेर वीज कडाडली, सारंगी लागली, हॉलमध्ये नाकं ओढण्याचे आवाज यायला लागले. मुलीने डोळे मिटले. आणि शेवंती चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "असं नाहीये हे."

पुढच्या रांगेतल्यांनी मागे वळून पाहिलं. मी तिच्या हातावर हात ठेवला.

"असं नाहीये, मॅडम. ती बरी होते. पुढे मास्तरीण होते, ओतूरला शाळेवर लागते. चुकीचं दाखवलंय ह्यांनी."

बाहेर आल्यावरही तिचं तेच. सिनेमावाल्यांना काय, रडवायचं असतं, म्हणून चांगली पोर मारून टाकली. आणि मी, जिला गप्प बसणं जन्मात जमलेलं नाही, पुस्तकांच्या बाबतीत तर नाहीच नाही, मी तिला म्हटलं, "अगं नाही गं, पुस्तकातही मरतेच ती. पान दोनशे बारा."

शब्द तोंडातून गेला आणि मला उत्तमचा तो आकडा आठवला. त्याची सोय कसली होती, ते त्या क्षणी कळलं. शेवंती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने दाराकडे पाहिलं. उत्तम हातात रिकाम्या ग्लासांचा ट्रे घेऊन उभा होता. त्याने मान खाली घातली. ती जिना उतरली आणि एकटीच रिक्षात बसली.

उत्तम सोमवारी आला नाही. मंगळवारीही नाही. बावीस वर्षांत या माणसाने सांगितल्याशिवाय रजा घेतली नव्हती. बुधवारी दुपारी मी काउंटर दुसऱ्यावर सोपवला, ती कादंबरी पिशवीत टाकली आणि शहाडला त्याच्या घरी गेले. पुस्तक का घेतलं, विचाराल तर मला सांगता येणार नाही. रिकाम्या हाताने कोणाच्या घरी जाऊ नये म्हणतात, आणि माझ्याकडे दुसरं काय असतं?

दोन खोल्या, बाहेर तुळशीची कुंडी. शेवंती मेथी निवडत बसली होती. उत्तम भिंतीला टेकून. तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती. चहा, जेवण वेळेवर, शब्द मात्र नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने मला हाताने बसा म्हटलं.

"बरं झालं तुम्ही आलात. तुम्हाला सगळी पुस्तकं माहितीयेत. आता खोटं चालणार नाही." मग ती पहिल्यांदा नवऱ्याकडे वळली. "सांगा. अजून कोण कोण मेलंय?"

तिने मेथीची एक काडी मोडून बाजूला टाकली.

"तो घाटातला म्हातारा? बैलवाला?"

"गेला," उत्तम म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. एकशे सत्तेचाळीस.

"त्या दोघी बहिणी?"

"थोरली गेली."

"बाळंतपणात?"

"हो."

"आणि तो मिल्ट्रीतला? तुम्ही म्हणाला होता, तो दिवाळीला घरी येतो. मी त्या दिवशी तुम्हाला शिरा करून घातला होता."

"तो नाही येत. पत्र येतं."

एकेक करून ती विचारत गेली आणि तो सांगत गेला. अकरा वर्षांत त्याने वाचलेल्या पुस्तकांतलं एकही माणूस त्या घरात मेलं नव्हतं. आकड्याचं पान आलं की तो थांबायचा, चार-सहा पानं उलटायचा आणि पुढचं मनाने रचायचा. त्या कादंबरीत मुलगी गेल्यावर पुढे ऐंशी पानं आहेत. ती ऐंशीच्या ऐंशी पानं त्याने पुस्तकाकडे बघत, वेळच्या वेळी पान उलटत, बनवून सांगितली होती. तिला पुढे शिकवलं, मास्तरीण केलं, ओतूरला नोकरी लावली. दुसऱ्यांदा सांगताना एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. मी एवढे लेखक पाहिलेत, पण एवढी मेहनत वाचकासाठी कोणी घेतलेली मला माहीत नाही.

सतरा माणसं निघाली. मी बोटांवर मोजत होते. शेवटचं झाल्यावर मेथीची जुडी तशीच तिच्या मांडीवर होती.

"का केलंत?" तिने विचारलं.

"तुला सोसलं नसतं."

"मला?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "अकरा वर्षं तुम्ही लोकांच्या पोरी जगवल्या. माझ्या पोरीचा फोटो पेटीत ठेवलात. तिचं नाव घेतलं की उठून बाहेर जायचात. म्हणून मी पण घ्यायचं सोडलं. मला वाटलं, ह्यांना होत नाही, जाऊ दे. कोणाला सोसणार नव्हतं? खरं सांगा."

"मला," तो म्हणाला.

"मग सतरा सांगितलीत. एक राहिलंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी त्याला यातून सोडवणार होते. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, मला तो नीट दिसतही नव्हता.

"रसिका," तो म्हणाला.

"पूर्ण नाव घ्या. शाळेत घालताना घेतलं होतं तसं."

"रसिका उत्तम शिंगोटे." आणि तो रडायला लागला. सिनेमातल्यासारखा नाही. नाक गळत होतं, उचकी लागली, आणि मध्येच तो 'पाणी, पाणी' म्हणाला. शेवंतीने त्याला तांब्या दिला आणि त्याच्या पाठीवर मेथीचा हिरवा हात ठेवला. ती स्वतः रडत होती, पण तिचा चेहरा मला हलका दिसला. मी आपली पदर तोंडाला लावून बसले.

जरा शांत झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, ते पुस्तक आणलंय ना पिशवीत? मला दिसतंय. द्या त्यांना."

उत्तमने दोनशे बारावं पान काढलं. या वेळी छापलंय तसं वाचलं. ताप, ओल्या कापडाच्या घड्या, आईचा हात, शेवटचा श्वास. आवाज दोनदा गेला, दोनदा परत आला. शेवंती त्याच्याजवळ सरकून पानावर बोट ठेवून बसली होती, जणू अक्षरं तिथेच आहेत ना, याची खात्री करत. मग तो थांबला. तिचं बोट पानाच्या मधोमध थांबलं होतं.

"ही अक्षरं नाहीत. फुलं काढलीत. हे काय आहे?"

"इथे काही नसतं," उत्तम म्हणाला. "मधले सहा महिने सोडलेत. पुढे लिहिलंय, 'सहा महिने उलटले.'"

"सोडलेत?"

"सोडतात. सगळेच."

तिने पुस्तक त्याच्या हातातून घेतलं, मिटलं नाही, तसंच उघडं मांडीवर पालथं ठेवलं. असं ठेवलं की पुस्तकाची शिवण उसवते. इतर कोणी ठेवलं असतं तर मी ओरडले असते.

"मग इथे थांबा," शेवंती म्हणाली. "इथलं मी सांगते. रसिकाला नेऊन आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळे झोपलेले होते, आणि मी उठून तिच्या डब्याची कणीक भिजवली. भिजवून झाल्यावर मला आठवलं. मग ती कणीक घेऊन मी कुठे गेले, ते तुम्ही मला कधी विचारलंच नाहीत."

"कुठे गेलीस?" उत्तमने विचारलं.